नाना फडणवीस : निरोप पोचला का?



आज आपण नाना फडणवीसांचं चरित्र पाहणार आहोत. पण त्याआधी आमच्या शाळेतली एक गोष्ट ऐका. या चरित्राकडे मी वळले ती त्या गोष्टीमुळेच.

आमची शाळा परभणी जिल्ह्यातल्या गोदाकाठच्या एका लहान गावात आहे. निम्मी लेकरं गावातली, निम्मी वावरातल्या आखाड्यांवरून येणारी. मध्ये एक ओढा. दोन पावसाळ्यांपूर्वी रात्रभर पाऊस लागला. पहाटे ओढ्याला पूर आल्याचं कळलं, तसा मी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप टाकला की आज शाळेत कोणी येऊ नका. दहा मिनिटांत गावातल्या पालकांचे अंगठे आले. मी निर्धास्त झाले.

आखाड्यांवर रात्रीपासून लाइट नव्हती. फोन बंद पडलेले. तिकडची सहा लेकरं दप्तरं पाठीला लावून सरळ ओढ्यापर्यंत आली. शेजारच्या वावरातल्या एका काकांनी त्यांना पाहिलं आणि मागे फिरवलं, म्हणून वाईट काही झालं नाही. पण चूक माझीच होती. अंगठे आले म्हणजे सगळ्यांना कळलं, असं मी धरून चालले. निरोप कुणालाच गेला नसता तर गावातली माणसं सवयीने ओढ्यावर जाऊन उभी राहिली असती. निम्म्यांना कळला आणि सगळ्यांनीच गृहीत धरलं की उरलेल्यांनाही कळला असेल. अर्धा पोचलेला निरोप न पोचलेल्या निरोपापेक्षा जास्त घात करतो, हे मी त्या दिवशी शिकले.

हा प्रश्न आजच्या संगणकशास्त्रातही आहे. एकमेकांपासून लांब असलेली अनेक यंत्रं, प्रत्येकाकडे थोडीच माहिती, मधली वाट बेभरवशाची, आणि तरी सगळ्यांनी मिळून सगळ्यांत चांगला निर्णय काढायचा. हे कसं जमवायचं याच्या गणिती पद्धतींना वितरित ऑप्टिमायझेशनचे अल्गोरिदम म्हणतात. नाव अवघड आहे, पण हेच काम अडीचशे वर्षांपूर्वी एका माणसाने घोडे, सांडण्या आणि कागद यांच्या जोरावर आयुष्यभर केलं.

जन्म आणि बालपण

नानांचं खरं नाव बाळाजी जनार्दन भानू. जन्म १२ फेब्रुवारी १७४२, सातारा. भानू घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं. आजोबांच्या काळापासून पेशव्यांशी घरोबा. वडील जनार्दनपंत १७५६ मध्ये वारले आणि चौदा वर्षांच्या पोराकडे फडणिशी आली. आपल्या आठवीतल्या मुलाच्या वयाचा हा मुलगा, हे वर्गात सांगितलं की लेकरं डोळे मोठे करतात.

फडणीस म्हणजे काय? फड म्हणजे सरकारी कचेरी. राज्याचा जमाखर्च, सनदा, पत्रं आणि हिशेब तिथे पाहिले जायचे. नाना तलवारीचे गडी नव्हते. साडेतीन शहाण्यांत त्यांना अर्धं धरतात, ते लढाईत नसायचे म्हणून, असं सांगतात. त्यांचं हत्यार म्हणजे कागद.

पानिपत : बातमी तुटते तेव्हा

१७६० मध्ये सदाशिवरावभाऊंची फौज उत्तरेला निघाली. त्या लष्करासोबत नाना, त्यांची आई आणि पत्नीही होती. पानिपतावर अब्दालीने फौजेची दक्षिणेकडची वाट अडवली. नुसती रसद तुटली नाही, पत्रंही तुटली. लष्कराची उपासमार होत होती आणि पेशवे नानासाहेबांना नेमकी अवस्था कळत नव्हती.

१४ जानेवारी १७६१ ला युद्ध झालं. अठरा वर्षांचे नाना वेष बदलून, पायी, उपाशीतापाशी निसटले. पत्नी वाचली, आई परत मिळाली नाही. मदतीला उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेबांना पराभवाची बातमी सुमारे दहा दिवसांनी समजली, तीही सावकारी भाषेत लिहिलेल्या एका सांकेतिक पत्रातून. त्याच वर्षी जून महिन्यात खचलेले नानासाहेब पुण्याला पर्वतीवर वारले.

पुढे नानांनी पानिपतापर्यंतची आपली हकीकत स्वतः लिहून ठेवली. आई, धनी, सोबती सगळं एका दिवसात गेलेला तरुण पुढे बातमीच्या कामाला इतका चिकटून का राहिला, याचं कारण मला तरी त्या दिवसातच दिसतं.

नानांचं जाळं

माधवराव पेशव्यांच्या काळात आपल्याच गोदावरीच्या काठी, बीड जिल्ह्यातल्या राक्षसभुवनला, १७६३ मध्ये निजामाचा पराभव झाला आणि मराठी राज्य पुन्हा उभं राहिलं. नाना त्याच काळात फडावर तयार झाले. पुढे त्यांच्या हाती आलेलं जाळं कसं होतं ते नीट पाहा, कारण मुद्दा इथेच आहे.

दरबारोदरबारी वकील होते. दिल्लीला हिंगणे घराणं, हैदराबादेला गोविंदराव काळे. ते तिथली बातमी सविस्तर लिहून पुण्याला धाडत. पत्रं नेणारे जासूद बहुधा जोडीने निघत, म्हणूनच जुन्या कागदांत जासूदजोडी हा शब्द सारखा भेटतो. एकाला ताप आला, वाटेत दगाफटका झाला, तर दुसरा आहे. घाईच्या कामाला सांडणीस्वार. आणि पत्र लिहिताना तुमचं पत्र पावलं, त्यातला मजकूर असा असा समजला, हे लिहायची रीत होती. आपल्याला ती नुसती शिष्टाचाराची वाटते. पण त्यातून लिहिणाऱ्याला कळायचं की आपला कोणता निरोप पोचला आणि कोणता वाटेत राहिला.

चिंचोक्यांचा खेळ

आता चरित्र थोडं थांबवून एक खेळ खेळू. मी तो चौथीच्या वर्गात घेतला, तुम्हीही घ्या.

चार लेकरं गोल बसवा. त्यांच्याकडे अनुक्रमे २, ६, १० आणि १४ चिंचोके द्या. एकूण ३२, म्हणजे सरासरी ८. पण एकूण किती हे कुणालाच सांगायचं नाही. फक्त शेजाऱ्याशी बोलायचं आणि दोघांनी आपले चिंचोके सारखे वाटून घ्यायचे.

पहिली फेरी : पहिला-दुसरा ४ आणि ४, तिसरा-चौथा १२ आणि १२. दुसरी फेरी : दुसरा-तिसरा ८ आणि ८, चौथा-पहिला ८ आणि ८. झालं! मधे कोणी मास्तर नाही, कुणाला बेरीज माहीत नाही, तरी सगळे बरोबर ८ वर आले.

आता दुसऱ्या फेरीत चौथा आणि पहिला यांची भेटच होऊ देऊ नका. पहिल्याकडे ४ राहतील, चौथ्याकडे १२. काही बिघडलं नाही. पुढच्या फेरीत ते भेटले की ८ होतील. उशीर झाला, चूक झाली नाही.

तिसऱ्यांदा चिंचोके बाजूला ठेवा आणि तेच आकडे पाटीवर लिहून खेळा. दुसऱ्या फेरीत चौथ्याचा आकडा पहिल्याला कळला, पण पहिल्याचा निरोप चौथ्याला पोचला नाही असं समजा. पहिला आपली पाटी बदलून ८ करतो, चौथा १२ वरच राहतो. आता बेरीज करा : ८, ८, ८, १२ म्हणजे ३६. आता कितीही फेऱ्या खेळा, उत्तर ९ येईल. सगळ्यांचं एकमत होईल, पण चुकीच्या आकड्यावर. आणि कुणालाच चुकल्याचं कळणार नाही!

खऱ्या कामात आकडे इतके सोपे नसतात. वावरात ठिकठिकाणी लावलेले ओलावा मोजणारे सेन्सर असोत की वीज वाटून घेणारी केंद्रं, प्रत्येक यंत्राचा स्वतःचा फायदा-तोटा असतो. म्हणून ते दर फेरीला आधी शेजाऱ्यांशी जुळवून घेतं आणि मग आपल्या फायद्याच्या दिशेने एक छोटं पाऊल टाकतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत जॉन त्सित्सिक्लिस, दिमित्री बर्त्सेकास यांच्यासारख्या अभ्यासकांनी या कामाचा पाया घातला. या शाखेने शिकवलेल्या गोष्टी साध्या भाषेत अशा : वाट अधूनमधून तुटली तरी चालते, पण ठरावीक काळात ती पुन्हा जुळली पाहिजे. बातमी शिळी चालते, पण किती शिळी याला मर्यादा हवी. आणि कोणाचंही स्वतःचं पाऊल इतकं मोठं नको की शेजाऱ्याची ओढच उरणार नाही. या तीन गोष्टी मनात ठेवा आणि परत नानांकडे चला.

बारभाई आणि वडगाव

१७७२ मध्ये माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि चुलते राघोबादादा गादीवर बसले. तेव्हा नाना, सखारामबापू, हरिपंत फडके वगैरे मंडळींनी एकत्र येऊन कारभार हाती घेतला. हेच बारभाई. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव जन्मला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाच्या नावाने पेशवाई चालू झाली. एक राजा हुकूम सोडतो आणि बाकीचे ऐकतात, असं आता राहिलं नव्हतं. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड हे सगळे आपापल्या मुलखात बळकट. नानांना त्यांना हुकूम देता येत नव्हता, जुळवून घ्यावं लागत होतं.

राघोबा इंग्रजांकडे गेले. गंमत पाहा, इंग्रजांचीही हीच अडचण होती. मुंबईकर इंग्रजांनी १७७५ मध्ये सुरतेला राघोबांशी तह केला. कलकत्त्याच्या वरिष्ठांनी तो रद्द ठरवला आणि १७७६ मध्ये पुरंदरला वेगळा तह केला. तेवढ्यात लंडनहून मालकांचं पत्र आलं, ते सुरतेच्या तहाच्या बाजूने! तीन ठिकाणी तीन निर्णय, कारण जहाजाने पत्र यायला कित्येक महिने लागत.

१७७८ च्या अखेरीला मुंबईची फौज राघोबांना घेऊन घाट चढली. त्याच वेळी बंगालकडून गॉडर्ड नावाच्या सेनापतीची दुसरी फौज जमिनीवरून पश्चिमेकडे येत होती. दोघी मिळाल्या असत्या तर पुण्याचं काय झालं असतं सांगता येत नाही. पण मुंबईकर थांबले नाहीत. इकडे मराठ्यांनी वाटेतला चारा-दाणा नाहीसा केला, तळेगाव जाळलेलं मिळालं. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रज कोंडले गेले आणि त्यांना तह करावा लागला. गॉडर्ड तेव्हा अजून बऱ्हाणपुरालाही पोचला नव्हता.

दोन सेनापतींनी एकाच वेळी चाल करायची, मधे फक्त बेभरवशाचा निरोप्या. या कोड्याला संगणकशास्त्रात दोन सेनापतींचा प्रश्न म्हणतात आणि १९७० च्या दशकात त्याचं उत्तर निघालं की पोच आणि पोचेची पोच कितीही पाठवली तरी दोघांना शंभर टक्के खात्री कधीच होत नाही. म्हणून शहाण्याने खात्रीवर नाही, तर पत्र न मिळाल्यास काय करायचं यावर बेत आखावा.

चौघांची जूट

वडगावचा तह इंग्रजांनी मोडला, लढाई पुन्हा पेटली. तेव्हा नानांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव मांडला. १७८० च्या सुमारास त्यांनी चौघांना एका बेतात आणलं : पुण्याच्या फौजा गुजरात, माळवा आणि कोकणात लढतील, म्हैसूरचा हैदरअली कर्नाटकात उतरेल, नागपूरकर भोसले बंगालवर जातील आणि निजाम पूर्व किनाऱ्यावर दबाव आणेल. चार दिशांनी एकदम. पुण्याहून नागपूर, हैदराबाद, श्रीरंगपट्टण या सगळ्या ठिकाणी पत्रं पोचायची कशी, हे नकाशा काढूनच लेकरांना दाखवा.

झालं काय? हैदरअलीने शब्द पाळला आणि १७८० मध्ये कर्नाटक हादरवलं. पण गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने निजामाला गुंटूर परत दिलं आणि निजाम गप्प बसला. भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली आणि तिथेच रेंगाळली, शेवटी पैसे घेऊन थंड झाली. चिंचोक्यांच्या भाषेत, दोघांचं स्वतःच्या फायद्याचं पाऊल इतकं मोठं पडलं की शेजाऱ्यांची ओढ कमी पडली. नानांना हे पूर्ण उमगेपर्यंत ऋतू उलटले होते.

तरी नाना डगमगले नाहीत. १७८१ मध्ये पुण्याकडे सरकलेल्या गॉडर्डला हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन, तुकोजी होळकर यांनी बोरघाटातून मागे रेटलं. १७ मे १७८२ ला महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. पण नानांनी त्यावर लगेच शिक्कामोर्तब केलं नाही. हैदरअली अजून लढत होता, त्याला एकटं सोडून तह पक्का करणं त्यांना जड गेलं. हैदरअली डिसेंबर १७८२ मध्ये वारला, त्यानंतरच नानांनी तो मंजूर केला. पुढची वीस वर्षं इंग्रज मराठ्यांशी लढले नाहीत.

खर्डा

शेवटचा मोठा विजय आपल्या मराठवाड्याच्या उंबरठ्यावरचा. परभणीचा हा मुलूख तेव्हा निजामाच्या ताब्यात होता. चौथाईच्या थकबाकीवरून भांडण पेटलं. नानांनी दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरचे भोसले, पटवर्धन या सगळ्यांच्या फौजा वेळेवर एका ठिकाणी आणल्या. हैदराबादेहून गोविंदराव काळ्यांच्या बातम्या येतच होत्या. ११ मार्च १७९५ ला जामखेडजवळच्या खर्ड्याला लढाई झाली. निजाम किल्ल्यात अडकला, पाणी तुटलं आणि त्याने तह केला. दौलताबादसह मोठा मुलूख आणि तीन कोटी रुपये द्यायचं कबूल केलं. सगळे मराठे सरदार पेशव्यांच्या झेंड्याखाली एकत्र लढले, ते हे शेवटचं.

एकच गाठ सुटली

आणि मग काय झालं ते मुलांना जरूर सांगा. ते वगळलं तर चरित्र अर्धंच राहील.

२७ ऑक्टोबर १७९५ ला एकवीस वर्षांचे सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून जखमी झाल्याने वारले. तो अपघात होता की आत्मघात, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. पण नानांनी त्यांना फार बांधून ठेवलं होतं, ही टीका जुनी आहे. सगळी सूत्रं एका माणसाच्या मुठीत होती. महादजी आधीच्याच वर्षी गेले होते, हरिपंतही गेले होते. नानांच्या जागी कोण, याचं उत्तर तयार नव्हतं.

गादीवर कोण बसणार यावरून वर्षभर कारस्थानं चालली. खर्ड्याला कमावलेलं बरंचसं नानांनी निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी सोडून दिलं. अखेर दुसरे बाजीराव पेशवे झाले. १७९७ च्या शेवटच्या दिवशी नाना दौलतराव शिंद्यांच्या छावणीत गेले असता पकडले गेले आणि पुढे अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत पडले. साऱ्या हिंदुस्थानची बातमी ठेवणाऱ्याला शेजारच्या छावणीतला बेत कळला नाही. सुटून परत कारभारावर आले, पण जुना हुरूप राहिला नव्हता. १३ मार्च १८०० ला पुण्यात ते वारले. १८०२ च्या अखेरीला बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपली.

वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी त्यांचा वाडा आणि घाट आहे. त्यांच्या दप्तरातली हजारो पत्रं मागे राहिली. कागद राहिले, पण ते कागद चालवायची रीत कुणाला शिकवलेली नव्हती.

आपण काय घ्यायचं

नानांनी एक गोष्ट मरेपर्यंत सांभाळली : निरोप पाठवला म्हणजे पोचला असं धरायचं नाही. आणि एक गोष्ट त्यांना साधली नाही : आपल्याशिवाय चालेल असं जाळं उभं करणं.

ओढ्याच्या त्या सकाळीनंतर आम्ही शाळेत बदल केला. आखाड्यांवरच्या घरांच्या जोड्या लावल्या. पावसात निरोप आला की एका घराने दुसऱ्याला तोंडी सांगायचं आणि दोघांनी मिळून शाळेला पोच द्यायची. पोच आली नाही तर निरोप गेलाच नाही असं समजायचं आणि गावातल्या दोघांनी ओढ्यावर जाऊन उभं राहायचं. म्हणजे फोन बंद असला तरी लेकरू पाण्यात उतरत नाही. मोठ्या मुलांनी या जोड्यांना जासूदजोडी असं नाव दिलं.

पण मला खरी काळजी दुसरीच आहे. आपल्या बदल्या होतात हे तुम्हाला माहीतच आहे. ही यादी माझ्याच फोनमध्ये राहिली तर माझी बदली झाल्यावर पुढच्या पावसाळ्यात काय? म्हणून आता ती शाळेच्या भिंतीवर आहे, अंगणवाडीताईंकडे आहे आणि सातवीतल्या मुलांच्या वहीत आहे. दर जूनमध्ये मुलंच ती नव्याने लिहितात. तुमच्या शाळेत अशी यादी कुणाकडे आहे, हे आजच एकदा पाहा.

वर्गात विचारता येतील असे प्रश्न

१. मुंबई, कलकत्ता आणि लंडन इथल्या इंग्रजांचे निर्णय वेगवेगळे का पडले?
२. चिंचोक्यांच्या खेळात भेट चुकली तरी उत्तर बरोबर येतं, पण निरोप अर्धा पोचला तर चुकतं. असं का?
३. चौघांच्या जुटीतून निजाम आणि भोसले का निसटले? तुम्ही नाना असता तर काय केलं असतं?
४. तुमच्या गावात पुराचा निरोप शेवटच्या घरापर्यंत कसा पोचतो? घरी विचारून लिहून आणा.